ठिणगीची वेळ

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनदा आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. आम्हीं पंचवीसांहून अधिक वर्षें महाविद्यालयांत तोच इतिहास शिकविला, आणि त्याबद्दल आम्हांस खेद नाहीं. परंतु एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतील पंधरा भागांएवढ्या फटीलाही इतिहास असतो, आणि तो आमच्याच जिल्ह्याच्या रस्त्यावर, एका कडुलिंबाखालीं आम्हांस शिकावा लागला. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. आमचे एक स्नेही पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या वडिलांच्या वेळची पेट्रोलची अँबॅसडर मोटार त्यांनीं जिवापाड जपून ठेविली आहे. तींतून आम्ही दोघे मलकापुराहून मोताळ्याच्या वाटेनें बुलढाण्यास निघालों. सपाटीवर गाडी चालली खरी, पण तिच्यांत नेहमींचा जीव नव्हता. राजूर घाटाची चढण लागतांच तिला धाप लागली, आणि थोडें वर गेल्यावर टांकीच्या झाकणाखालून वाफेचे लोट निघूं लागले. आदल्याच दिवशीं स्नेह्यांनीं स्वहस्तें नवे पॉइंट बसविले होते. ते पुस्तक उघडून म्हणाले, "फट बरोबर, वेळही बरोबर. दोष पेट्रोलांत असला पाहिजे." आम्हीं मान डोलाविली, कारण इंग्रजी पुस्तकांत छापलेल्या आंकड्यांपुढें मान डोलाविण्याची संवय आमच्या पिढीस शाळेपासूनच लागलेली आहे.

पुढें काय झालें तें सांगण्यापूर्वीं या घाटाविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. कारण आमच्या जिल्ह्यांत मोटारीचा इतिहास हा मुख्यतः घाटाचा इतिहास आहे. जुन्या काळापासून वऱ्हाडाचे दोन भाग मानीत आले आहेत. पूर्णेच्या खोऱ्याची काळी सपाट जमीन तो पायीनघाट, आणि अजिंठ्याच्या डोंगरांवरील उंच प्रदेश तो बालाघाट. मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव, जळगांव हीं खालचीं गांवें; बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड, देऊळगांव हीं वरचीं. १८५३ मध्यें वऱ्हाडचा कारभार निझामाकडून इंग्रजांकडे गेला, आणि अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत विलायतेच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाल्यावर या काळ्या जमिनीला सोन्याचें मोल आलें. १८६७ मध्यें मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली ती या खालच्या सपाटीवरून. १८७० मध्यें जलंबपासून खामगांवच्या कापसाच्या बाजारापर्यंत फांटा निघाला. १९०५ मध्यें खामगांव व जळगांव हे तालुके अकोल्याकडून बुलढाणा जिल्ह्यांत आले, तेव्हां खामगांवचा फांटाही जिल्ह्याच्या पदरांत पडला. परंतु समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर बसलेल्या जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यास आगगाडी कधींच लाभली नाहीं. खामगांवाहून जालन्यापर्यंत लोहमार्ग व्हावा ही मागणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तोंपर्यंत वरच्या लोकांचें कोर्ट, कॉलेज, इस्पितळ आणि बाजार हीं सर्व आधीं बैलगाडीवर व मागाहून मोटारीवर अवलंबून राहिलीं. आणि मोटार घाट चढते कीं नाहीं हें पुष्कळदां एका ठिणगीवर अवलंबून राहिलें.

ही ठिणगी आली कोठून? १८३१ मध्यें मायकेल फॅरडे यानें असें दाखविलें कीं, तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकत्व बदललें म्हणजे त्या तारेंत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. चुंबकत्व नुसतें असून भागत नाहीं. तें बदललें पाहिजे, आणि जितक्या झटक्यानें बदलेल तितका विजेचा दाब अधिक. म्हणून जाड तारेच्या थोड्या वेटोळ्यांतून बॅटरीचा प्रवाह सोडावयाचा व तो एकाएकीं तोडावयाचा; तोडतांक्षणींच शेजारच्या बारीक तारेच्या हजारों वेटोळ्यांत इतका दाब उत्पन्न होतो कीं, वीज हवेंतून उडी मारते. मोटारींतील कॉइल ती हीच. बॅटरीच्या सहा किंवा बारा व्होल्टांतून पंधरा-वीस हजार व्होल्ट निर्माण करणारी ही युक्ति प्रवाह चालू करण्यांत नसून तोडण्यांत आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. जो दुवा हा प्रवाह जोडतो व तोडतो, त्याच्या दोन लहानशा टोंकांस आमचे मिस्त्री 'पॉइंट' म्हणतात.

१८६० मध्यें पॅरिस येथें लन्वार यानें आपल्या वायूच्या एंजिनांत अशीच विजेची ठिणगी वापरली. १८७६ मध्यें जर्मनींत ऑटो यानें चार टप्प्यांचें एंजिन सिद्ध केलें. शोषण, दाब, स्फोट आणि उत्सर्ग हा जो क्रम आजही पेट्रोलच्या एंजिनांत चालतो तो त्याचा. पण त्यानें ठिणगीऐवजीं ज्योतच आंत घेण्याची व्यवस्था केली होती, आणि डाइम्लरनें तापून लाल झालेल्या नळीवर भिस्त ठेविली होती. १८८६ मध्यें आपल्या मोटारीचें पेटंट घेणाऱ्या बेन्झनें मात्र विजेचीच कास धरली. १९०२ मध्यें रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यांत होनोल्ड या तंत्रज्ञानें बॅटरीवांचून चालणारा उच्च दाबाचा मॅग्नेटो बनविला. त्यानंतर अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची जी सुटसुटीत जोडणी केली ती १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत आली, आणि थोड्याफार फरकानें पुढें साठ वर्षें जगभर तीच चालली. केटरिंगनें डीड्स या भागीदारासह डेटन शहरीं काढलेल्या कंपनीच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळवून 'डेल्को' हें नांव झालें होतें. आपल्याकडील कित्येक गॅरेजांत पॉइंट ज्या डब्यांत बसतात त्या डिस्ट्रिब्युटरला अद्यापि 'डेल्को' म्हणतात. म्हणणाऱ्यास डेटन शहर ठाऊक नसतें, परंतु शब्दानें आपला इतिहास गांठीस बांधून आणलेला असतो.

आतां वेळेचा प्रश्न. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतील जुन्या वाफेच्या एंजिनाचा अग्नि बाहेर असे. तो सकाळीं पेटविला कीं संध्याकाळपर्यंत जळत राही, आणि कोळसेवाला त्याच्याकडे डोळ्यांनीं पाहूं शके. पेट्रोलच्या एंजिनांतील अग्नि आंत असतो, आणि तो प्रत्येक फेरीस नव्यानें पेटवावा लागतो. चार नळकांड्यांचें एंजिन मिनिटास तीन हजार फेरे फिरत असेल तर सेकंदास पन्नास फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यास दोन याप्रमाणें सेकंदास शंभर ठिणग्या पडाव्या लागतात. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पेटून त्याचा पुरता जोर होण्यास स्थूलमानानें सेकंदाचा पांचशेंवा भाग लागतो असें धरूं. तेवढ्या अवधींत हें एंजिन छत्तीस अंश फिरून जातें! म्हणून दट्ट्या माथ्यावर पोंचल्यावर ठिणगी टाकावी तर जोर येईपर्यंत तो बराच खालीं निघून गेलेला असतो. शक्ति फुकट जाते आणि उष्णता एंजिनास तापवीत बसते. उलट फार आधीं टाकावी तर वर येणाऱ्या दट्ट्याच्या तोंडावरच स्फोट होतो, आणि हंड्यांत खडे खुळखुळावे तसा आवाज येतो. ठिणगी दट्ट्याच्या थोडी पुढें हवी. किती पुढें, तें एंजिनाच्या वेगावर व त्याच्यावरील ओझ्यावर ठरतें.

आरंभीं हा निर्णय हांकणाऱ्याच्या हातीं असे. १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटीहून अधिक निघालेल्या फोर्डच्या 'टी' मोटारींत चाकाच्या उजव्या बाजूस पेट्रोलचा दांडा आणि डाव्या बाजूस ठिणगीचा दांडा असे. गाडी सुरू करतांना ठिणगी मागें घ्यावयाची, वेग वाढला म्हणजे पुढें आणावयाची, आणि चढावर एंजिन ओझ्यानें मंदावून कण्हूं लागलें कीं पुनः किंचित् मागें घ्यावयाची. ठिणगी मागें घेण्यास विसरून जो हँडल मारी, त्याचें मनगट तें हँडल उलटें फिरून मोडून टाकी. शोफरांच्या या दुखण्यास इंग्रजी वैद्यकांत वेगळें नांवच पडलें आहे. याचा अर्थ असा कीं, त्या काळीं मोटार हांकणें म्हणजे वाट पाहणें आणि एंजिन ऐकणें हीं दोन्ही कामें एकसमयावच्छेदेंकरून करणें होतें. पुढें वेगाबरोबर फांकणारीं लहान वजनें आणि ओझें ओळखणारा पडदा डिस्ट्रिब्युटरांत बसविण्यांत आला, व डावा दांडा नाहींसा झाला. हांकणाऱ्याचे कान मोकळे झाले. पण मूळचा मेळ बसविण्याचें काम उरलेंच, आणि तें मिस्त्रीच्या हातीं गेलें.

आतां पुनः आमच्या गाडीकडे येऊं. ती निवल्यावर उताराच्या आधारानें आम्हीं ती मोताळ्याच्या बाजूस परत आणली. तेथें रस्त्याच्या कडेस, कडुलिंबाखालीं, पत्र्याची एक शेड होती. मिस्त्री सत्तरीच्या घरांतले होते. त्यांनीं एंजिन सुरू करावयास लावून क्षणभर ऐकलें, मग बंद करावयास सांगून विचारलें, "पॉइंट कोनं बसवले?" स्नेह्यांनीं थोड्या अभिमानानें आपलें नांव सांगितलें व कृतिही सांगितली: प्रथम दिवा लावून ठिणगीची वेळ जमविली; मग पाहतात तों नव्या पॉइंटांची फट पुस्तकापेक्षां पुष्कळ जास्त; तेव्हां ती गेज घालून पंधरा सहस्रांशांवर आणली. मिस्त्री हंसले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, "गुर्जी, मापं दोन्ही बराबर घेतले. पन मागूनचं काम आगूदर झालं, अन् आगूदरचं मागून."

आम्हांस हें कोडेंच वाटलें. तेव्हां त्यांनीं झाकण काढून बोटानें दाखविलें. डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या दांड्यास चार उंचवटे असतात, आणि पॉइंटाच्या हलत्या भागास एक टांच असते. दांडा फिरतांना उंचवटा टांचेस ढकलतो आणि पॉइंट उघडतात. उघडण्याच्या त्या क्षणींच ठिणगी पडते. फट मोठी असली तर उंचवटा टांचेस लवकर भेटतो, म्हणून ठिणगी लवकर पडते. फट लहान केली तर तो उशिरां भेटतो, म्हणून ठिणगी उशिरां पडते. याचा अर्थ, फट बदलली कीं वेळ आपोआप बदलते. परंतु वेळ बदलली तरी फट बदलत नाहीं. स्नेह्यांनीं मोठ्या फटीवर वेळ अचूक जमविली, आणि मागाहून फट लहान करून ती अचूकता स्वतःच मोडली. ठिणगी मागें पडली, एंजिनाचा जोर गेला, आणि जी उष्णता चाकांस फिरवावयाची ती पाण्यास उकळीत राहिली. प्रत्येक माप पुस्तकाप्रमाणें होतें. चुकला होता तो क्रम.

मग त्यांनीं सर्व काम मुळापासून केलें, आणि आम्हीं तें उभ्यानें पाहिलें. पॉइंटांचीं तोंडें बारीक कानशीनें एकदां घांसून घेतलीं. पॉलिश कागद मात्र वापरूं दिला नाहीं, कारण त्याचे कण तोंडांत रुतून बसतात व प्रवाह अडवितात. हँडलनें एंजिन हळूहळू फिरवून टांच उंचवट्याच्या अगदीं माथ्यावर आणली. तेथेंच फट सर्वांत मोठी असते, आणि माप तेथेंच घ्यावयाचें असतें. गेजची पाती आंत सरकली पाहिजे, पण सैल पडतां कामा नये. "लोन्यातून सुरी जाते तशी," ते म्हणाले. स्क्रू आवळल्यावर माप पुनः घेतलें, कारण आवळतांना तें सरकतें. यानंतर पहिल्या नळकांड्याचा प्लग काढून त्या भोंकावर अंगठा ठेवला व हँडल फिरवावयास सांगितलें. दाबाच्या टप्प्यावर हवेनें अंगठा उडविला तेव्हां पुलीवरील खूण जागेवर आणली. फिरत्या रोटरचें टोंक पहिल्या तारेच्या समोर आलें आहे हें पाहिलें. मग पॉइंटांशीं बारा व्होल्टांचा एक लहान बल्ब जोडून डिस्ट्रिब्युटरचा डबा अगदीं केंसाकेंसानें फिरविला. पॉइंट मिटलेले असतां दिवा विझलेला, आणि उघडतांच दिवा लागलेला. तो लागला त्या क्षणीं त्यांनीं हात थांबविला आणि पट्टा आवळला.

इतकें झाल्यावरही त्यांचें समाधान झालें नव्हतें. ते आमच्याशेजारीं येऊन बसले आणि गाडी घाटाच्या पहिल्या चढावर नेण्यास सांगितलें. वरच्या गिअरमध्यें, हळूं वेगांत, एकाएकीं पेट्रोल पुरतें द्यावयास लावलें. एंजिनांतून खड्यांचा अगदीं पुसट खुळखुळाट ऐकूं आला आणि वेग वाढतांच विरून गेला. "एवढा पाह्यजे. नसला तर टाइम मागं हाये, अन् जास्त झाला तर पुढं हाये." दिव्यानें सांगितलेली वेळ त्यांनीं कानानें तपासून घेतली. पुस्तकांतील आंकडा कारखान्यांतल्या नव्या एंजिनाचा असतो. हें एंजिन जुनें, पेट्रोल आजचें, हवा वऱ्हाडच्या उन्हाळ्याची, आणि चढ राजूरचा. या चौघांची साक्ष कानाखेरीज कोण घेणार?

त्या दिवशीं गाडी घाट चढून सुखरूप बुलढाण्यास पोंचली. परंतु आमच्या मनास एक गोष्ट लागून राहिली. आम्हीं निघण्यापूर्वीं मिस्त्रींस विचारलें होतें कीं, आपण हें कोणापाशीं शिकलांत. ते म्हणाले, खामगांवला, उस्तादापाशीं. लहानपणीं दोन वर्षें नुसतीं भांडीं घासावीं तसे प्लग घासले. तिसऱ्या वर्षीं उस्तादानें गेज हातीं दिली. आम्हीं उस्तादांचें नांव विचारलें. ते थोडा वेळ थांबले. "उस्तादच म्हनत होतो. नाव कोन इचारते?" आम्ही त्यांचें स्वतःचें नांव छापण्याची परवानगी मागितली, तेव्हां त्यांनीं हात हलवून ती नाकारली. ज्याचें नांव लिहावयास हवें त्याचेंच आपणांस ठाऊक नाहीं, मग आपलें कशाला, असा त्यांचा भाव होता.

इतिहासाच्या अभ्यासकास हें उत्तर बोंचल्याशिवाय राहत नाहीं. १९१४ च्या मोटार कायद्यानें गाडीची नोंद करावयाची व हांकणाऱ्यास परवाना द्यावयाचा असें ठरविलें. म्हणून मालक व हांकणारा यांचें नांव कोठें ना कोठें कागदावर राहिलें. १९३९ चा कायदा आला, त्यानें परवाने वाढविले. १९२८ पासून मुंबईंत जनरल मोटर्सच्या गाड्या जुळूं लागल्या, त्यांची नोंद कंपनीच्या इतिहासांत आहे. १९४८ च्या जूनच्या पहिल्या तारखेस पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी बस सुटली, ती तारीख सर्वांस पाठ आहे. जिल्ह्यांचीं गॅझेटियरें रस्ते मोजतात, बाजार मोजतात, कारखाने मोजतात. पण ज्या माणसांनीं हीं परदेशी यंत्रें आमच्या धुळींत, आमच्या उन्हांत, आमच्या घाटांवर चालतीं ठेविलीं, त्यांचा परवाना कोणीं काढला नाहीं, म्हणून त्यांचा कागदही नाहीं. कागद नाहीं म्हणून आम्हीं त्यांस इतिहासांतून वगळलें, आणि वगळलें हें आमच्या ध्यानांतही आलें नाहीं.

यांत आम्हां शिकलेल्या लोकांचा दोष मोठा आहे. फॅरडेचा नियम आमच्या मुलांनीं इंग्रजींत पाठ करून परीक्षेंत लिहिला. त्याच नियमावर चालणारा पॉइंट बसविणें हें आम्हीं हात काळे करण्याचें काम मानलें. एकाकडे नियम राहिला, दुसऱ्याकडे हात राहिला, आणि दोघांची गांठ पडली ती गाडी बंद पडल्यावर रस्त्याच्या कडेस. ही गांठ घालून देणारे लोक महाराष्ट्रांत झालेच नाहींत असें नव्हे. मुंबईच्या तंत्रशाळेंत शिक्षक असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं नांगरांचा कारखाना काढला, १९१० मध्यें तो कुंडलच्या माळरानावर नेला, आणि १९२० मध्यें त्याच कारखान्याच्या आश्रयानें एक मराठी मासिक जन्मास आलें. परंतु त्या वाटेनें थोडेच गेले; पुष्कळांनीं मासिक घेतलें आणि कारखाना दुरून पाहिला. आम्ही त्या पुष्कळांपैकींच एक आहों.

आतां घाई केली पाहिजे. बसगाड्या डिझेलच्या झाल्या, त्यांत ठिणगीच नाहीं. नव्या पेट्रोलच्या गाड्यांत ठिणगीची वेळ लहानसा संगणक ठरवितो, आणि त्यांत फट नाहीं, टांच नाहीं, घांसावयाचें कांहींच नाहीं. हें उत्तमच झालें. गाड्या कमी बिघडतात व पेट्रोल कमी जळतें, त्याबद्दल रडण्याचें कारण नाहीं. १९५७ पासून निघत आलेली अँबॅसडर २०१४ मध्यें बंद झाली. समृद्धि महामार्ग आमच्या जिल्ह्याच्या मेहकर-सिंदखेड भागांतून जातो, आणि त्यावरून धांवणाऱ्या गाड्यांस कोणी हँडल मारीत नाहीं. परंतु जें ज्ञान निरुपयोगी होतें तें निरर्थक होत नाहीं. कालबाह्य झालेल्या मोडीच्या दप्तरांसाठीं आपण संस्था काढल्या. मग मलकापूर, खामगांव, चिखली, मेहकर येथील जुन्या मिस्त्रींपाशीं बसून त्यांनीं काय, कोणापाशीं, कसें शिकलें हें लिहून घेण्यास कोणती संस्था लागते? एक वही आणि एक दुपार पुरेल. आमच्या वाचकांच्या घरीं जुनी गाडी असेल किंवा नसेल, पण गांवांत असा एखादा मिस्त्री बहुधा असतो; आणि तो सत्तरीच्या पुढें असतो.

स्नेह्यांनीं बुलढाण्यास पोंचल्यावर रात्रीं एक काम केलें. गाडीचें तें इंग्रजी पुस्तक उघडून, जेथें फट व वेळ यांचे आंकडे एकाखालीं एक छापले आहेत, तेथें समासांत त्यांनीं शाईनें मराठींत लिहिलें: "आधीं फट, मग वेळ." खालीं सही करण्यासाठीं त्यांनीं लेखणी टेंकविली, क्षणभर विचार केला, आणि सहीच्या जागीं लिहिलें, "खामगांवचे उस्ताद."